देवगिरीचा खडक पाहायला जाताना: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

देवगिरीला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळच्या दौलताबादच्या किल्ल्यावर, जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, काय पाहिलं? तोफ, अंधारी (खडकाच्या पोटातून वर जाणारा काळोखा रस्ता), चाँदमिनार आणि चढताना लागलेली धाप, एवढं हमखास सांगतील. ज्या खडकावर अर्धा दिवस चढउतार केली त्याचं नाव मात्र बहुतेक निघत नाही. माझं मत असं की देवगिरीवर तटबंदी आहे, दरवाजे आहेत, महालांचे पडके भाग आहेत, पण खरा किल्ला म्हणजे तो काळा खडकच. बाकी सगळं त्याच्या आधारानं उभं राहिलं. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यानं खडकावर नजर ठेवून चालावं. इतिहास त्याच्या मागोमाग येतोच.

लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, जालना इकडून घरच्यांना घेऊन पहिल्यांदा निघालेल्यांसाठी हे लिहितोय. छत्रपती संभाजीनगरकरांनीही वाचायला हरकत नाही. जवळ राहणाऱ्यांनीच नीट पाहिलेलं नसतं.

निघण्याआधी खडकाची ओळख

आपल्याकडे विहीर खणताना काय काय लागतं ते आठवा. वर काळी माती, खाली मुरूम, मग कुठे मांजऱ्या म्हणजे मऊसर खडक, आणि शेवटी काळा पाषाण. पाषाण लागला की सुरुंग लावल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. देवगिरी म्हणजे हाच पाषाण, फक्त जमिनीच्या पोटात न राहता सुमारे दोनशे मीटर वर उभा. भूगर्भशास्त्रात त्याला बेसाल्ट म्हणतात.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा वर आला. तो पातळ असल्यामुळे एका जागी ढीग न होता दूरवर पसरला आणि थिजला. काही काळ गेला, पुन्हा लाव्हा आला, पुन्हा थिजला. दुरडीत भाकरीवर भाकरी रचत जावी तसे थरावर थर बसत गेले. आज हे थर जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर दिसतात. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर लाटा ज्या काळ्या कातळावर आपटतात तो कातळ आणि आपल्या बांधावरचा धोंडा एकाच घराण्यातले. आपल्याला समुद्र मिळाला नाही, पण दगडात मराठवाडा कुणाच्या मागे नाही. कपाशीची काळी माती तरी आली कुठून? हाच खडक झिजून.

देवगिरीचा आकार लांबून शंकूसारखा दिसतो. त्यामुळे सहलीला आलेलं एखादं पोर हमखास विचारतं, "सर, हा ज्वालामुखी होता का?" नाही. इथे वर तोंड नाही, आत पोकळी नाही. आजूबाजूचे थर लाखो वर्षांच्या पावसापाण्यानं झिजून गेले आणि मधला डोंगर एकटा उरला, एवढंच. उभे कडे मात्र पावसानं केलेले नाहीत. ते माणसांनी टाकीनं तासलेले आहेत, आणि पाहण्यासारखी गोष्ट तीच आहे.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. लाव्हाच्या प्रत्येक थराचं पोट घट्ट, टणक असतं. वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकून भोकं राहतात. पुढे पाणी झिरपून त्या भोकांत पांढरे, कधी हिरवट स्फटिक भरतात. दोन थरांच्या मध्ये कधी लाल मातीचा पट्टा सापडतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तयार झालेली ती माती, वरून आलेल्या लाव्हानं भाजलेली. एवढं माहीत असलं की तटाच्या भिंतीतला दगडही वाचता येतो.

दिवस ठरवा

दसऱ्यापासून होळीपर्यंतचे दिवस उत्तम. एप्रिल-मे टाळा. दुपारी खडक इतका तापतो की कठड्याला हात लावणं नको वाटतं, आणि अंधारी सोडली तर सावली फार कमी. उन्हाळ्यात गडावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये इथे मोठा वणवा लागला होता. विडी-सिगारेट गाडीतच ठेवायची, हे वेगळं सांगायची गरज पडू नये, पण पडते.

पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो, फोटो सुरेख येतात, पण पायऱ्यांवर शेवाळ धरतं. तरुण मंडळींनी जावं. आजी-आजोबांना घेऊन श्रावणात वर चढायचा हट्ट करू नये.

वार नीट बघा. वेरूळच्या लेण्या मंगळवारी बंद असतात आणि अजिंठा सोमवारी. देवगिरीबरोबर वेरूळ जोडायचं असेल तर मंगळवार सोडा. शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला गर्दी असते. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला तर संभाजीनगरहून लोक रात्रभर पायी निघतात आणि सगळा रस्ता माणसांनी भरतो. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र घृष्णेश्वराची. हे सगळं एकाच रस्त्यावर आहे, त्यामुळे देवदर्शनाची गर्दी गडाच्या वाटेवरही तुम्हाला गाठते. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात. पोरांचा कल्ला आवडत असेल तर जा. खडक शांतपणे पाहायचा असेल तर आठवड्यातला साधा वार आणि सकाळची वेळ निवडा.

एका दिवसात देवगिरी, खुलताबाद, वेरूळ, बीबी का मकबरा आणि पाणचक्की उरकणारे टूरवाले आहेत. उरकायचंच असेल तर ठीक. देवगिरी वरपर्यंत चढून उतरायला तीन-चार तास धरा. त्यानंतर त्याच दिवशी जेमतेम एक ठिकाण होतं.

पोचायचं कसं

संभाजीनगर शहरापासून गड सुमारे पंधरा किलोमीटर, वेरूळच्या रस्त्यावर. मध्यवर्ती बसस्थानकावरून खुलताबाद, वेरूळ, कन्नडकडे जाणाऱ्या एसटी मिळतात. चढताना कंडक्टरला विचारा, "दौलताबाद किल्ल्यापाशी थांबते ना?" तिकीट मागताना दौलताबाद म्हणा, गावाचं नाव तेच आहे. चौघे-पाचजण असाल तर रिक्षा किंवा जीप ठरवलेली परवडते. भाडं जाऊन-येऊन ठरवायचं, आणि थांबायचे तास आधीच बोलून घ्यायचे.

नांदेड, परभणी, जालन्याहून येणाऱ्यांना रेल्वे सोयीची. देवगिरी एक्स्प्रेस याच मार्गावर धावते. दौलताबादला स्वतःचं स्टेशन आहे, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात आणि गड तिथून काही किलोमीटर दूर. संभाजीनगरला उतरून बस धरणं सोपं. धाराशिव-बीडकडून धुळे-सोलापूर महामार्गानं सरळ शहरात येता येतं.

स्वतःची गाडी असेल तर एक सूचना. गडाजवळ रस्ता जुन्या दरवाजातून जातो. दरवाजा अरुंद, एका वेळी एकच मोठं वाहन निघतं. सुटीच्या दिवशी दुपारी तिथे वाहनांची रांग लागते. त्याआधी पोचण्यासाठी सकाळी लवकर निघालेलं बरं. पुढे खुलताबादकडे घाट चढतो. त्या घाटातून मागे वळून पाहिलं तर सगळा गड एका नजरेत येतो. गाडी वळणावर मात्र थांबवू नका.

पिशवीत काय

पाणी माणशी दोन लिटर. तटाच्या आत शिरल्यावर वर काही मिळेल अशा भरवशावर राहू नका. टॉर्च हवीच, मोबाईलचा उजेड चालतो पण एक हात अडकतो, त्यामुळे डोक्याला बांधायची टॉर्च उत्तम. चप्पल नको, तळ घट्ट धरणारे बूट घाला. टोपी किंवा उपरणं. खायला धपाटे आणि दाण्याची चटणी न्या, दिवसभर टिकतात. पण ते बाहेर पडल्यावर खायचे, किंवा निदान पिशवीची चेन लावून ठेवायची. गडावर माकडं आहेत आणि प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज त्यांना लांबून कळतो.

अत्तर, सेंट लावून जाऊ नका. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. मोहोळाकडे दगड भिरकावणारा, फटाका वाजवणारा किंवा धूर करणारा एकजण सगळ्या गर्दीला महागात पडतो. माश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका. तोंड झाका आणि लांब पळा.

दारातून आत

गड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. तिकीट दारात मिळतं, मोबाईलवर कोड स्कॅन करूनही काढता येतं, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. गाईड हवा असेल तर ओळखपत्र असलेला घ्या आणि पैसे आधी ठरवा. "दादा, अंधारीपर्यंत का वरपर्यंत?" हा प्रश्न विचाराच, कारण दोन्हीचे दर वेगळे असू शकतात.

पहिल्या दरवाजाशी पोचलात की घाई करू नका. दाराच्या फळ्यांवर लोखंडी खिळे आहेत, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून. दरवाजे एकासमोर एक नाहीत, वळणं घेत जातात. शत्रूला सरळ धावत येता येऊ नये, प्रत्येक वळणावर त्याच्या अंगावर वरून मारा करता यावा, अशी रचना. यादव भिल्लमानं बाराव्या शतकाच्या अखेरीस इथे राजधानी केली. आजचे कोट मात्र बऱ्याच नंतरच्या लोकांनी वाढवत नेलेले. बाहेरचा अंबरकोट निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या नावानं ओळखला जातो, आत महाकोट आणि त्याच्या आत काळाकोट.

आत शिरल्यावर सरस्वती विहीर आणि हत्ती हौद पाहायला डावीकडे वळा. हत्ती हौदाची लांबी-रुंदी प्रत्येकी सुमारे ३८ मीटर. आपल्याकडच्या माणसाला टँकरची सवय. हौदाच्या काठावर उभं राहिलं की पहिला प्रश्न हाच पडतो, एवढं पाणी आणलं कुठून? डोंगराच्या बाजूनं पाणी खाली आणायला खापरी नळ टाकले होते. वाटेत कुठे कुठे त्यांचे तुकडे भिंतीत अडकलेले दिसतात. पाहून पुढे चला, उपटून पाहू नका.

शेजारीच भारतमाता मंदिर. ही मूळची चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची मशीद. तिला खांब जुन्या मंदिरांचे वापरले. हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतर इथे भारतमातेची मूर्ती बसली. खांबांवरचं कोरीवकाम जवळून बघा, इथे दगड टणक आणि एकजीव निवडलेला आहे. समोर चाँदमिनार, पंधराव्या शतकातला, बहमनी सुलतानाच्या काळातला. आत चढू देत नाहीत, बाहेरून पाहायचा. फोटोसाठी सगळ्यांची गर्दी इथेच होते, पण इथे फार रेंगाळू नका. ऊन चढतंय आणि मुख्य काम अजून पुढे आहे.

चढ सुरू होतो तिथे चिनी महाल. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबानं इथे कैदेत ठेवलं. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे काही तुकडे शिल्लक आहेत, बाकी सगळं पडलेलं.

मेंढा तोफ आणि कडा

मेंढा तोफेच्या बुरुजावर पोचलात की तोफ बघा, तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे, अंगावर औरंगजेबाचं नाव कोरलेलं आहे. फोटो काढा. मग तोफेकडे पाठ करा. लोक इथे हे करत नाहीत आणि म्हणून गडाची गोम त्यांच्या हाती लागत नाही.

समोर खंदक आहे आणि त्याच्यावर सरळ उभा कडा. डोंगराच्या खालच्या अंगाचा उतार यादवांच्या काळात सगळीकडून तासून काढला, जवळजवळ ५० मीटर उंचीचा. चढायला कुठे बोट ठेवायला जागा ठेवली नाही. नजर खालून वर हळूहळू न्या. आडवे पट्टे दिसतील, कुठे घट्ट काळपट, कुठे करडा, भुसभुशीत, पाण्याचे ओघळ उतरलेला. तेच लाव्हाचे थर. खंदकाजवळ पोचल्यावर हाताला लागेल अशा ठिकाणी तळवा खडकावर टेका. टाकीचे घाव बोटांना जाणवतात, तिरपे, एकाला लागून एक, बोटभर रुंदीचे. काही ठिकाणी दगड मऊ होता तिथे घाव झिजून गेलेत, टणक जागी धार अजून शाबूत आहे. यादवकाळात कोरायला घेऊन अर्धवट सोडलेल्या लेण्याही गडाच्या अंगाला आहेत. त्यांचं कोरीवकाम दिपवून टाकणारं नाही, पण काम मध्येच थांबलं की दगड कसा दिसतो ते तिथे कळतं.

आता हल्ला करणाऱ्याच्या बाजूनं विचार करा. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी आला तेव्हा यादव राजा रामदेवराव या खडकाच्या आसऱ्याला गेला. कोठारात धान्य म्हणून भरलेली पोती उघडली तर मीठ निघालं, असं सांगतात. खरं-खोटं काही असो, गड कड्यावरून पडला नाही, उपासमारीनं वाकला. १६३३ मध्ये मोगल सरदार महाबतखानानं वेढा घातला तेव्हाही बाहेरचे कोट सुरुंगानं फुटले, शेवटी आत खायला उरलं नाही आणि मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान यानं किल्ला मोगलांच्या हवाली केला. दगड दोन्ही वेळा जागचा हलला नाही.

मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी इथे हलवली, नाव दौलताबाद ठेवलं. त्यामागे दक्षिणेवर लक्ष ठेवण्याचं राजकारण होतं, पण हा कडा पाहिल्यावर त्याला जागेचा मोह का पडला असेल ते समजतं. त्याच्या काळात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी इथे येऊन गेला. त्यानं लिहून ठेवलंय की वरच्या गडावर जायला चामड्याची शिडी होती आणि ती रात्री वर ओढून घेत. कैदखान्यातले उंदीर मांजरापेक्षा मोठे, असंही तो सांगतो.

गुडघे दुखणारे, हृदयाचा त्रास असलेले, लहान बाळ कडेवर असलेले यांनी मेंढा तोफेच्या बुरुजावरून परत फिरावं. यात कमीपणा काही नाही. खडकाचा सगळ्यात चांगला देखावा इथूनच मिळतो, वरून मिळत नाही. वर गेल्यावर तुम्ही खडकावरच असता, तो दिसणार कुठून?

खंदक आणि अंधारी

खंदकावरून पूल आहे. आज आपण वरच्या पुलावरून जातो, पण कठड्यापाशी थांबून खाली जुना दगडी पूल बघा. खंदकातलं पाणी वाढवलं की तो बुडावा अशी योजना होती. म्हणजे वाट आहे, पण शत्रू आला की नाही. मुलांचा हात इथून पुढे सोडू नका.

पुलापलीकडे अंधारी सुरू होते. खडकाच्या पोटातून वर जाणारा, वळणं घेणारा, ठार काळोखाचा रस्ता. बांधलेला म्हणावा तर भिंतीला सांधे नाहीत, कारण बराच भाग खडक पोखरून काढलेला. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, मुद्दामच. उजेड पायाशी मारा, छताकडे नको. वर वटवाघुळं लटकलेली असतात आणि त्यांच्या तोंडावर टॉर्च मारली की ती उडतात, मग मागचे लोक किंचाळतात, मग ढकलाढकली होते. पायऱ्या वटवाघुळांच्या घाणीनं निसरड्या असतात, वासही उग्र. ओढणी किंवा रुमाल नाकाला बांधा.

चालायची पद्धत अशी: एका बाजूची भिंत धरून एकामागे एक चाला, पुढच्याच्या पाठीशी थोडं अंतर ठेवा, वळणावर थांबून मागच्याला आवाज द्या. गाईड आत एका ठिकाणी थांबवून झरोक्यातून येणारा उजेड दाखवतात. त्या उजेडाला बाहेरची वाट समजून धावणारा शिपाई थेट खंदकात पडायचा, असं ते सांगतात. रस्त्याच्या वरच्या टोकाला लोखंडी झाकण घालून तिथे जाळ करत, धुरानं आतला माणूस गुदमरून मागे फिरावा म्हणून. अंधारीत उभं राहून हे ऐकलं की सांगणाऱ्याला वाढवून सांगावं लागत नाही.

दमा असणाऱ्यांनी, अंधाराची भीती वाटणाऱ्यांनी आत शिरू नये. अंधारीला टाळून बाहेरून वर जाणाऱ्या पायऱ्या आहेत, त्यांनी जावं आणि वरच्या टोकाला भेटावं. कधी दुरुस्ती किंवा गर्दीमुळे अंधारी बंद ठेवतात. पहारेकऱ्याशी वाद घालून ती उघडत नाही.

वरपर्यंत

अंधारी संपली की बहुतेकांना वाटतं झालं. झालेलं नसतं. इथून पुढे उघड्यावरच्या पायऱ्या, आणि खरी चढण हीच. गणपतीच्या छोट्या मंदिरापाशी टेका, दोन घोट पाणी प्या. मग बारादरी लागते. शाहजहान दक्षिणेत आला त्या सुमाराला बांधलेली ही इमारत वाऱ्यासाठीच बांधली असावी असं वाटावं इतकी वाऱ्यावर आहे. इथली सावली घ्या. घाम पुसून एकदम गार पाणी ढोसू नका, पोटात कळ येते आणि अर्धी चढण बाकी असते.

बारादरीच्या वर जनार्दनस्वामींची जागा आहे. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी या गडाचे किल्लेदार होते. पैठणहून कोवळ्या वयातले नाथ इथे त्यांच्याकडे आले आणि राहिले. गडाचा हिशेब ठेवणं आणि परमार्थ, दोन्ही त्यांनी याच खडकावर शिकून घेतलं. नाथषष्ठी, फाल्गुन वद्य षष्ठी, ही गुरू-शिष्य दोघांचीही पुण्यतिथी मानतात. वारकऱ्यांच्या घरातली माणसं तोफेपेक्षा याच जागेसाठी चढतात, आणि त्यांची चाल बघा, कॉलेजच्या पोरांपेक्षा सावकाश पण न थांबता. चढणीला तीच चाल खरी.

अगदी माथ्यावर तोफेचा बुरुज. वारा जोराचा असतो, टोपी सांभाळा. कठडा सगळीकडे धड नाही, त्यामुळे सेल्फीसाठी पाठीमागे सरकत जाण्याचा उद्योग नको. इथून आसपासचे डोंगर बघितले की त्यांचे माथे बरेचसे सपाट, आणि जवळजवळ एका पातळीत दिसतात. कधीकाळी लाव्हाचा जो सलग पृष्ठभाग होता त्याचे हे उरलेले तुकडे. मधलं सगळं ओढ्या-नाल्यांनी नेलं. पावसाळा नुकताच संपलेला असेल तर हे चित्र सगळ्यात स्वच्छ दिसतं, उन्हाळ्यात धुरकट.

उतरताना आणि नंतर

चढताना दम लागतो, उतरताना गुडघे बोलतात. पाय तिरपा टाकत उतरा, घाई करू नका. अंधारीतून उतरणं चढण्यापेक्षा अवघड, म्हणून उतरताना बाहेरच्या पायऱ्यांनी या. स्फटिक चमकणारा दगड वाटेत दिसला तर उचलून खिशात घालू नका. संरक्षित स्मारकातली वस्तू आहे, दगड असला म्हणून काय झालं. तसलेच स्फटिक पाहायचे असतील तर आपल्याच भागात विहिरीच्या किंवा खाणीच्या मलब्यात बघा, नशीब असेल तर सापडतात.

वेळ उरला तर वेरूळला जा, कैलास लेणं देवगिरीनंतर पाहिलं तर वेगळंच कळतं. तोच बेसाल्ट, पण आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात वरून खाली कोरत आणलेला. इथे माणसांनी खडक तासून कुणी वर येऊ नये अशी सोय केली, तिथे खडक तासून देऊळ मोकळं केलं. कैलासच्या वरच्या कड्यावर जाऊन खाली बघा, लाव्हाचे थर देवळाच्या अंगावरून आरपार गेलेले दिसतात. वेरूळला एकूण ३४ लेण्या आहेत. सगळ्या एका दुपारी होत नाहीत, कैलास आणि आसपासच्या दोन-तीन करा.

वेरूळ नको असेल तर शहरात परत येऊन जेवा. मांसाहारी असाल तर नान-खलिया सोडू नका, तुघलकाच्या फौजेबरोबर आलेला पदार्थ म्हणून इथे त्याची गोष्ट सांगतात. परतीची एसटी पकडणार असाल तर अंधार पडायच्या आत रस्त्यावर येऊन उभे राहा. संध्याकाळी वेरूळहून येणाऱ्या गाड्या भरून येतात आणि बसायला जागा मिळत नाही.

दिवाळीच्या आसपास गेलात तर गडाबाहेर रस्त्याला सीताफळांच्या पाट्या लागलेल्या असतात, पेरूही असतात. लांबचा प्रवास असेल तर पिकलेलं फळ घेऊ नका, बसमध्ये चेपतं. डोळे मोठे झालेलं, फटींत पिवळसर झाक आलेली कडक सीताफळं मागा. मावशींना "दोन दिवसांनी खायची आहेत" असं सांगितलं की त्या स्वतःच निवडून देतात. घरी गेल्यावर तांदळाच्या डब्यात ठेवा.